आठ चौतीसचा चंद्र

वृंदा पोंक्षे वर्षभर नवऱ्याला फसवत होती, आणि तेही भाताच्या बाबतीत.

नवरा दिगंबर हावड्याला पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तरच्या सुमाराला, कलकत्त्यात रॉकेलच्या रांगा इतक्या लांब झाल्या होत्या की रांगेत लोकांच्या मुलींची लग्नं जमायची. दिगंबरनं या संकटाकडे इंजिनिअरच्या नजरेनं पाहिलं. म्हणजे रांगेत वृंदाला उभं केलं आणि स्वतः घरी बसून विचार केला. त्या विचारातून पेटी निघाली.

पेटी म्हणजे चहाचं रिकामं खोकं. आत सियालदहच्या फळबाजारातून आणलेला पेंढा गच्च भरलेला, मधोमध पातेल्यापुरता खळगा, वर जुन्या गोधडीची जाड उशी. स्टोव्हवर भाताला दहा मिनिटं उकळी आणायची, पातेलं खळग्यात ठेवायचं, उशी दाबायची, झाकण लावायचं. पुढचं काम भात स्वतःच्या गरमीवर करतो.

"पाच तास," दिगंबर म्हणाला. "पाच तासांत भात तयार. रॉकेलचा एक थेंब जास्त नाही."

पहिल्याच दिवशी तो साडेआठला बस धरायला गेला, आणि मुलींना शाळेत जायचं म्हणून वृंदानं साडेनऊला झाकण उघडलं. आत भात नव्हता. कोमट पाण्यात तांदूळ बसलेले होते, मासिक बैठकीला आल्यासारखे. तिनं पातेलं उचलून कोळशाच्या शेगडीवर ठेवलं आणि मुलींना वेळेवर शाळेत पाठवलं. संध्याकाळी दिगंबर आला. बूट काढायच्या आधी त्यानं विचारलं, "झाला?"

त्याच्या चेहऱ्यावर मॅट्रिकच्या निकालाचा दिवस होता. वृंदा म्हणाली, "झाला की. छान झाला."

मग रोजचंच झालं. सकाळी नवऱ्यादेखत पातेलं पेटीत जायचं. नवरा गल्लीच्या टोकाला वळला की ते बाहेर यायचं आणि शेगडीवर चढायचं. संध्याकाळचा भातही शेगडीवरच व्हायचा आणि नवऱ्याची बस यायच्या आधी पेटीत जाऊन बसायचा. जेवायच्या वेळी दिगंबर स्वतःच्या हातानं झाकण उघडायचा, वाफ यायची, आणि तो म्हणायचा, "बघ!" वृंदा बघायची.

इथवर ठीक होतं. संसारात एवढं चालतं. पण दिगंबर पेटी घेऊन मंडळात गेला.

आमचं मराठी मंडळ भवानीपुरात. खाली अंगण आणि हॉल, वर गच्ची. निम्मे सभासद बँकांचे नाहीतर सरकारी हापिसांचे, तीन वर्षांच्या बदलीवर आलेले. निम्मे आजोबांच्या काळापासून इथलेच, ज्यांची मुलं भांडण रंगात आलं की बंगालीत शिरतात. दोन्ही गटांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे बैठक घेतल्याशिवाय काहीही करायचं नाही. पंखा बंद करायचा तरी सूचक आणि अनुमोदक लागायचा.

अध्यक्ष भालचंद्रराव गुप्ते यांनी जाहीर केलं की यंदा दिवाळीआधी मंडळाचा काटकसर मेळावा भरेल. नवं काही विकत आणायचं नाही, जुनं काही टाकायचं नाही, आणि जाळायचं कमीत कमी. आमंत्रणं जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजूला लिहायची. (त्यामुळे तिघेजण उलटी बाजू वाचून अहेर घेऊन आले.)

"आणि जेवण?" कुणीतरी विचारलं.

दिगंबर उभा राहिला. "सव्वाशे माणसांची खिचडी मी पेटीत शिजवून दाखवतो. आमच्याकडे वर्षभर रोज चाललंय. विचारा आमच्या हिला."

सगळा हॉल वृंदाकडे वळला. ती सहा वर्षांत एकाही बैठकीत बोलली नव्हती.

"हो," ती म्हणाली. "छान शिजतं."

एवढं बोलून ती खाली बसली आणि तेव्हापासून तिला झोप नाही. सव्वाशे माणसांसमोर कच्ची खिचडी निघाली तर दिगंबरचं हसं होणार, ते एक. पण त्याहून वाईट म्हणजे घरी आल्यावर तो विचारणार, "मग वर्षभर कसा शिजत होता गं?" त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. म्हणजे होतं, शेगडीएवढं होतं.

मेळाव्याची तारीख हॉलमधल्या कॅलेंडरवर बघून ठरली होती. ते कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्यानं दिलेलं बंगाली कॅलेंडर. नोव्हेंबरचा पहिला रविवार मोकळा होता, त्यावर एक गोल काढला.

त्या रविवारी सकाळी अंगणात पंपाचं भलंमोठं लाकडी खोकं येऊन बसलं. त्यात पंपाऐवजी पंपाचा मॅनेजरही मावला असता. मुगाच्या खिचडीला दोन शेगड्यांवर उकळी आली, चौघांनी पातेलं खळग्यात उतरवलं, दिगंबरनं झाकण ठोकलं आणि घड्याळ बघितलं. आठ. जेवण एकला.

बाकीचा मेळावाही जोरात होता. विनायक साने नावाच्या बँकेतल्या तरुणानं सायकल उलटी बांधून तिच्यावर दिवा लावला होता. तो पेडल मारी तोवर दिवा लागे, आणि उजेडात दिसे ते एवढंच, की विनायक फार दमलाय. गच्चीवर भालचंद्ररावांची नात लीना हिनं आरशांची सूर्यचूल मांडली होती. तिच्यात अकरापर्यंत पाणी तापलं नाही, पण सगळं ऊन समोरच्या चक्रवर्तींच्या खिडकीत गेल्यामुळे त्यांच्या पोपटानं दुसरी सकाळ झाली समजून पुन्हा पहिल्यापासून बोलायला सुरुवात केली. भालचंद्ररावांनी काटकसरीवर भाषण केलं. दीड तास.

पण खरी गर्दी पेटीपाशी. आणि तिथंच गोची झाली, कारण आपल्या माणसाला बंद झाकण सहन होत नाही.

"शिजली का हो?" असं म्हणत एकजण झाकण उचलायचा. भसकन वाफ जायची.

"अहो, उघडू नका!" दिगंबर ओरडायचा.

"उघडलं नाही, नुसतं बघितलं."

मग दुसरा यायचा. त्याला पहिल्यानं सांगितलेलं असायचं, म्हणून तो खात्री करायला यायचा. एका बाईंनी उशी काढून आत हात घातला आणि म्हणाल्या, "मीठ घातलंय ना?" साडेअकरापर्यंत निदान चाळीस जणांनी नुसतं बघितलं.

पावणेबाराला वृंदानं संधी साधली. झाकण तिरकं केलं, डाव घातला, एक दाणा बोटांत दाबला. दाणा दबला नाही. डाळ तर सरळ खडीच. तिनं आजूबाजूला बघितलं. घरचं पातेलं ती एका हातानं उचलायची. हे उचलायला चौघं लागले होते. गुपचूप शेगडीवर नेण्यासारखं ते नव्हतंच.

"काय गं, कशी आहे?" दिगंबर मागून म्हणाला.

"छान आहे," ती म्हणाली आणि झाकण लावलं.

त्याच वेळी फाटकातून श्यामलाबाई आल्या. वय सत्तर, कलकत्त्यात तीस वर्षं, आणि मंडळात त्यांच्यापुढे अध्यक्षसुद्धा अंग चोरून उभे राहायचे. पानं मांडली जाताना बघून त्या फाटकातच थांबल्या.

"हे काय? पानं कसली?"

"जेवणाची," भालचंद्रराव म्हणाले. "खिचडी आहे."

"उपासाची?"

"नाही... मुगाची."

"आज संकष्टी आहे, भालचंद्र."

पानं मांडणारे हात हवेतच थांबले. फक्त चक्रवर्तींचा पोपट बोलत होता.

"पण कॅलेंडरात तर..."

"कुठल्या? त्या संदेशवाल्याच्या? त्याला काय ठाऊक संकष्टी! माझा भाऊ दरवर्षी पुण्याहून कॅलेंडर पाठवतो. लीना, जा गं, माझ्या घरून काढून आण."

कॅलेंडर आलं. लाल अक्षरात संकष्टी, खाली चंद्रोदय आठ वाजून चौतीस मिनिटं. निम्म्या बायकांनी कपाळावर हात मारला. दोघींनी सकाळी पोहे खाल्ले होते, त्यांनी तोंडावर मारला. उरलेल्यांचा उपास नव्हता, पण श्यामलाबाईंच्या समोर जेवायला बसायची कुणाची छाती? भालचंद्ररावांनी पाच मिनिटांत ठराव घेतला: भोजन चंद्रोदयानंतर.

वृंदाला वाटलं, गणपतीला आत्ता, इथंच साष्टांग नमस्कार घालावा. ती दिगंबरजवळ गेली. "अहो, मग आता ही खिचडी रात्रीपर्यंत आंबेल. साडेतीनला परत एक उकळी काढू या का? आणि परत पेटीत ठेवू."

दिगंबरनं हिशेब केला. "साडेतीन ते साडेआठ. बरोबर पाच तास." त्याचा आवाज तिला जरा जास्तच आनंदी वाटला.

साडेतीनला परत उकळी आली. पातेलं परत खळग्यात गेलं, उशी बसली, झाकण लागलं. आणि झाकणावर वृंदा बसली.

"हे काय, वृंदाताई?" लोक म्हणाले.

"पाय दुखतायत."

"खुर्ची देऊ?"

"नको. इथं ऊब आहे."

तिनं विणकाम काढलं आणि अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीसारखी ती पाय पोटाशी घेऊन बसली. पाचला चहा आला, तिनं बसूनच घेतला. सहाला आरती झाली, तीही बसूनच म्हटली. कुणी "शिजली का?" म्हणून जवळ आलं की ती सुई अशी धरायची की तो माणूस सायकलचा दिवा बघायला जायचा.

सात वाजून वीस मिनिटांनी वीज गेली. त्या दिवसांत कलकत्त्यात वीज गेली म्हणून कुणी वर बघत नसे, पण लीना आरसे आवरायला गच्चीवर गेली होती. तिनं वर बघितलं. सगळी गल्ली काळीमिट्ट, आणि पूर्वेला पाण्याच्या टाकीशेजारी...

"चंद्र उठला!" ती गच्चीवरून ओरडली. कलकत्त्यात जन्मलेल्या मुलीचा चंद्र उगवत नाही, बंगालीतल्यासारखा उठतो. "अहो, चंद्र उठला! चला जेवायला!"

वृंदाच्या हातातली सुई थांबली. "किती वाजलेत?"

"सात पंचवीस!"

"मग तो नव्हे," वृंदा म्हणाली.

लोक धडपडत गच्चीवर गेले. वृंदा सोडून सगळे. खाली तिला आवाज येत होते: "अरे, खरंच की!" "पूर्ण वर आलाय!" "हा काय, लख्ख!" मग सगळे खाली आले, आणि श्यामलाबाई कॅलेंडर कंदिलासमोर धरून उभ्या राहिल्या.

"आठ चौतीस," त्या ठामपणे म्हणाल्या. "छापलेलं आहे. चंद्राचं काहीतरी चुकतंय."

"नाही, चुकत नाही," दिगंबर म्हणाला. आणि वृंदाला कळलं की आता हा माणूस समजावून सांगणार. "कॅलेंडर पुण्याचं आहे. आपण पूर्वेला. इथं सूर्य तासभर आधी उगवतो की नाही? मग चंद्रही तासभर आधीच..."

"अहो, तुम्हाला कुणी विचारलंय का?" वृंदा पेटीवरून म्हणाली.

"पण हे साधं शास्त्र आहे!"

"शास्त्र राहू दे. गणपती कुठला? आपला. उपास कुठला? आपला. मग चंद्रही आपलाच बघायचा. पुण्याचा. आठ चौतीसचा."

श्यामलाबाईंनी मान हलवली. "बरोबर बोलतेय पोर. मी तीस वर्षं आठ, साडेआठ, नऊ, जे छापलेलं असेल त्या वेळेला गच्चीवर जाते. तेव्हा तो छान वर आलेला असतो. मला वाटायचं, कलकत्त्याचा चंद्र चपळ आहे."

"म्हणजे तुम्ही तीस वर्षं दर महिन्याला तासभर जास्त उपाशी होतात," दिगंबर म्हणाला. "तीनशे साठ तास. पंधरा दिवस."

श्यामलाबाईंनी कॅलेंडर खाली केलं. "पंधरा दिवस?"

"रात्रंदिवस धरून."

"भालचंद्र," श्यामलाबाई वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "पानं मांड."

वृंदानं मनात मोजलं. चारच तास झाले होते. खाली खिचडी कुठल्या अवस्थेत होती ते फक्त गणपतीला ठाऊक, आणि त्याचाही उपास. तिनं आयुष्यात पहिल्यांदा मंडळात हात वर केला.

"अध्यक्षमहाराज! हे असं तोंडी चालतं का? ठराव नको?"

मंडळात हा शब्द म्हणजे दारूगोळ्यावर काडी. भालचंद्ररावांची पाठ ताठ झाली. "मुद्दा योग्य आहे. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. कार्यकारिणीची तातडीची बैठक! विनायक, उजेड!"

विनायक सायकलवर चढला. दिवा लागला. पेटीभोवती बैठक बसली, मधोमध वृंदा, सिंहासनावर बसल्यासारखी.

पहिला ठराव: मंडळाने स्थानिक चंद्र ग्राह्य धरावा. त्याला दुरुस्ती आली, की बदलीवर आलेल्या सभासदांचा चंद्र मूळ गावचाच धरावा, कारण मुक्काम तात्पुरता. त्याला उपदुरुस्ती, की तात्पुरता म्हणजे किती वर्षं? एकजण म्हणाला तीन. दुसरा म्हणाला, "मी सात वर्षं अडकलोय, माझा चंद्र कुठला?" लीना म्हणाली, "आजोबा, मी इथंच जन्मलीये, तर मी आत्ता खाऊ?" तिला बसवलं. विनायक दमला की दिवा मंद व्हायचा आणि वक्ता नुसता ऐकू यायचा.

"ठराव मांडा हो लवकर!" विनायक धापा टाकत म्हणाला. "पोटात काही नाही माझ्या!"

"अध्यक्षमहाराज, आणखी एक," वृंदा म्हणाली. "मागच्या उपासांचं काय? ते जास्तीचे तास पुण्यात धरायचे की वाया?" यावर बारा मिनिटं गेली. सहा वर्षांत तोंड न उघडलेली बाई त्या संध्याकाळी अकरा वेळा बोलली. मंडळाच्या इतिवृत्तात "सौ. पोंक्षे यांनी असाही मुद्दा मांडला" हे वाक्य आजही ओळीनं दिसतं.

शेवटी ठराव झाला. स्थानिक चंद्र, सर्व सभासदांना सारखा, आजपासून लागू. टाळ्या वाजल्या. विनायक सायकलवरून पडला. कंदिलाच्या उजेडात भालचंद्ररावांनी घड्याळ बघितलं आणि घसा खाकरला.

"आठ वाजून तेहेतीस."

"म्हणजे आता पुण्याचाही उगवतोय," श्यामलाबाई म्हणाल्या. "चला, दोघांनाही नमस्कार करा आणि जेवा."

वृंदा उतरली. पायाला मुंग्या आल्या होत्या, ती दिगंबरच्या खांद्याला धरून उभी राहिली. दिगंबरनं झाकण काढलं, उशी उचलली. वाफ अशी आली की कंदिलाची काच धुरकटली. त्यानं डाव घातला. डाव अडखळला नाही, मऊ मऊ खाली गेला. वृंदानं एक दाणा घेतला, बोटांत दाबला.

दाणा विरघळला.

"शिजली!" ती म्हणाली, आणि हे तिनं इतक्या मोठ्यानं म्हटलं की चक्रवर्तींच्या पोपटानंही तिसऱ्यांदा सकाळ केली.

त्याच क्षणी दिगंबर म्हणाला, "शिजली?" त्याच्या आवाजातलं आश्चर्य वृंदाशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बाकी सगळे पानाकडे धावले होते.

श्यामलाबाईंनी तीन वेळा वाढून घेतली. "पंधरा दिवसांचं आहे," त्या म्हणाल्या.

घरी जाताना ट्राम मिळाली नाही. वीज अजून आली नव्हती. मुली पुढे पळत होत्या, ही दोघं मागून चालत होती.

"वृंदा," दिगंबर म्हणाला.

"काय?"

"पेटीतलं पातेलं पाच तासांनी हाताला चटका देत नाही. देऊच शकत नाही. गरम असतं, पण धरता येतं. आज मी धरलं."

वृंदानं पावलं झटझट टाकली.

"आपल्या घरचं पातेलं वर्षभर मला चटके देत होतं."

ती थांबली. तिनं पदर सारखा केला, मग उगाच परत केला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्याच आठवड्यात कळलं."

"मग बोललात का नाही?"

"तू बोलली नाहीस ना. मला वाटलं, पेटी काही चालत नाही आणि तू माझं मन राखतेयस. मग मीही 'बघ!' म्हणत राहिलो. आणि मंडळात त्या दिवशी बोलून गेलो, तर काय... चार रात्री झोपलो नाही."

"मीही नाही!"

"ऐकू येत होतं मला."

दोघंही अंधारात हसायला लागली. मुली मागे वळून बघायला लागल्या.

"अहो, ती पेटी चालते," वृंदा म्हणाली. "चांगली चालते. मीच कधी पाच तास ठेवली नाही. पहिल्या दिवशी तासाभरात उघडली, आणि मग परत भरवसाच ठेवला नाही."

"आणि मी कधी विचारलं नाही."

"उद्यापासून मी हात लावणार नाही. पाच तास म्हणजे पाच तास."

"मुलींचं काय, सकाळी?"

"सकाळी त्यांना पोळी. भात संध्याकाळी."

दिगंबरनं वर बघितलं. डोक्यावर चंद्र आता बराच वर आला होता, कुठलाही म्हटलं तरी चालण्यासारखा.

"मग ती शेगडी देऊन टाकू या का कुणाला?"

"राहू दे," वृंदा म्हणाली. "चंद्राचा काय भरवसा!"